कंबरदुखी आणि सायटिका : हलक्या हाताचे उपचार कसे निवडावेत, कसे करून घ्यावेत

सोलापुरात कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. पायाळू माणसाकडून उसण काढून घ्या, हाडवैद्याकडे जा, पट्टा बांधा, आणि आता मोबाईलवर ‘कट्ट’ आवाज काढून दाखवणाऱ्या कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्यांचे, व्हिडिओ. या सगळ्यामागे एक समजूत आहे : मणका जागचा सरकतो आणि आवाज आला की परत जागेवर बसतो. तसं काही होत नाही. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की तिथे वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज येऊनही काडीचा फरक न पडणं आणि आवाज न येता आराम पडणं, दोन्ही होतं.

सायटिकात, म्हणजे कंबरेत नस दबून पायात उतरणाऱ्या दुखण्यात, बघायची गोष्ट वेगळी आहे. दुखणं पायात किती खालपर्यंत जातंय? पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं कुल्ल्यात आलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी गाडी रुळावर आहे. उलट कंबर मोकळी वाटतेय पण मुंग्या पावलापर्यंत उतरल्यात, तर उपचार चुकतोय, करणारा कितीही नावाजलेला असो. पुढे जे काही सांगितलंय ते या एका कसोटीवर तोलून बघा.

नुसती कंबर की शीर?

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेच्या खालच्या दोन आणि त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या तिकोनी हाडाच्या, वरच्या तीन मुळांपासून ती बनते, कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याजवळ फाटे फुटून पावलापर्यंत जाते. दोन मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला फुगली किंवा फाटली आणि मुळाला टेकली की त्या मुळाच्या वाटेवर दुखतं. बहुतेक वेळा ही गादी खालच्या दोनांपैकी एक असते : चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, नाहीतर पाचव्या मणक्याच्या आणि त्रिकास्थीच्या मधली.

कोणतं मूळ दबलंय याचा अंदाज घरीही येतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे मुंग्या जात असतील तर पाचवं मूळ, म्हणजे रिपोर्टमधलं एल-५. पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे जात असतील तर एस-१, म्हणजे त्रिकास्थीचं पहिलं मूळ. मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला येत असतील तर एल-४. कंबरेत आणि फार तर कुल्ल्यात दुखतंय, गुडघ्याखाली काहीच नाही, मुंग्या-बधिरपणा नाही, तर बहुधा शीर दबलेली नाही. ती साधी कंबरदुखी. स्नायू, सांधे, गादी यांची ती कुरकुर असते आणि तिला घाबरायचं कारण नाही.

मग ताकद तपासा. भिंतीला एक हात लावून आधी दहा पावलं टाचांवर चाला. एका पायाचा पंजा खाली पडत असेल तर एल-५ कमजोर आहे. नंतर एका पायावर उभं राहून दहा वेळा चवड्यावर उठा. चांगल्या पायाने दहा होतात आणि दुखऱ्या पायाने तीनच, तर एस-१. चालताना चपलेचा पुढचा भाग फरशीला घासतो, अंगठा उंबऱ्याला अडखळतो, हेही पंजा कमजोर झाल्याचं लक्षण. दुखण्यापेक्षा ताकद जाणं जास्त गंभीर, आणि नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं, कारण ताकद जाताना दुखत नाही.

तिसरी चाचणी दुसऱ्याने करायची. उताणं झोपा, दुखरा पाय गुडघ्यात न वाकवता सावकाश वर उचलायला सांगा. साधारण ३० ते ७० अंशांच्या मधे पायात, गुडघ्याखाली, करंट गेल्यासारखी कळ आली तर शीर दबल्याची शक्यता मोठी. नुसता मांडीमागचा स्नायू ओढल्यासारखा वाटला तर ती चाचणी धरू नका, ते सगळ्यांनाच वाटतं.

सायटिकासारखी दिसणारी दुसरी दुखणीही आहेत. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पुढे वाकून उभं राहिलं किंवा बसलं की मोकळं वाटतं, सायकलवर मात्र काही होत नाही, आणि वय साठीच्या आसपास : हे बहुधा मणक्याची नळी अरुंद झाल्याचं. चाललं की पोटरी दुखते पण नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांत थांबते, आणि माणूस तंबाखू किंवा बिडीचा : मग पायाच्या रक्तवाहिन्या आधी तपासा, कंबर नंतर. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि तीन-चार दिवसांनी तिथेच पुरळ उठतं, ती नागीण. दोन्ही तळपाय सारखेच बधिर आणि साखर जुनी, तर मधुमेह. मांडीच्या सांध्याचं दुखणं बहुतेक जांघेत येतं. यांपैकी कशालाही मणका दाबून उपयोग नाही.

हे असेल तर कुठल्याही टेबलावर झोपू नका

लघवी तुंबली किंवा लागल्याचं कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, जांघेचा आणि बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांत एकदम कळा आल्या : यांतलं एक जरी असलं तरी त्याच रात्री निघा. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत किंवा एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दबलेला असतो, आणि तो मोकळा करायला हाताशी तास असतात, दिवस नाही. ‘सकाळी बघू’ म्हणून थांबलेल्यांची लघवी कायमची बिघडू शकते.

पंजा अचानक लुळा पडला किंवा ताकद रोज कमी होतेय, तर तेही तातडीचंच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही : मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेत जाग आणणारं दुखणं, घरात कुणाला टीबी झालेला. खोकला असायलाच हवा असं नाही. अशा मणक्यावर दाब देणं म्हणजे पोखरलेल्या हाडावर दाब देणं. कॅन्सर होऊन गेलेला माणूस, बरेच महिने स्टेरॉइड घेणारा, पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर कंबर धरलेला, आणि साध्या ठेचेनंही हाड मोडू शकेल अशी वयस्कर बाई, या सगळ्यांनी आधी डॉक्टर, एक्स-रे, रक्ततपासणी, मग बाकीचं. पंचवीस-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहते आणि हालचालीने सुटते, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या.

एमआरआयवरचा ‘गॅप’

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ऐकून लोक वर्षभर वाकायचं सोडतात. रिपोर्टात गादी फुगलेली, सुकलेली दिसणं हे केस पांढरे होण्याइतकं साधं असतं. ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के. तेव्हा रिपोर्ट पायातल्या लक्षणांशी जुळतो का ते महत्त्वाचं. डावा पाय दुखतोय आणि फुगवटा उजवीकडे, तर तो फुगवटा निरपराध.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट : फाटून बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बऱ्याच वेळा स्वतःच विरघळवून टाकतं, आणि मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. हाताचे उपचार या मधल्या काळात दुखणं सहन होण्याजोगं करतात आणि माणसाला हालतं ठेवतात. गादी ‘आत ढकलत’ नाहीत. ढकलतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

म्हणून एमआरआयची घाई पहिल्या आठवड्यात नको. वरची धोक्याची लक्षणं असतील, सहा आठवड्यांनीही पाय तसाच असेल, किंवा इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार चालू असेल तेव्हा करा.

हलक्या हाताचे प्रकार

कायरोप्रॅक्टिक सुरू झालं १८९५ मध्ये, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला. डी. डी. पामर यांनी सुरुवात केली. झटका देऊन सांधा मोकळा करणं ही त्याची जुनी ओळख, पण गेल्या शंभर वर्षांत झटका नसलेल्या पद्धतीही त्यात आल्या. शीर दबलेल्या रुग्णाला, वयस्कर माणसाला, हाडं ठिसूळ असलेल्या बाईला याच बऱ्या.

*टेबलावर ताणत वाकवण्याची पद्धत.* सायटिकासाठी हलक्या पद्धतींत ही सर्वांत विचारपूर्वक बनवलेली, म्हणून थोडी सविस्तर. टेबलाचा कंबरेखालचा भाग वेगळा हलतो. रुग्ण पालथा झोपतो, पोटाखाली आधार, घोटे पट्ट्यात. उपचार करणारा एका हाताचा तळवा कंबरेच्या ठरावीक मणक्यावर ठेवून तो धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा खालचा भाग सावकाश काही अंश खाली नेतो. दोन मणक्यांमधली जागा क्षणभर वाढते, गादीवरचा दाब उतरतो. एक उतार-चढ साधारण चार सेकंदांची, अशा पाच, म्हणजे वीस सेकंद. मग विश्रांती. असे तीन फेर.

यात गफलत कुठे होते? पहिलीच ओढ पूर्ण खोल दिली जाते. नियम असा की आधी घोट्याचे पट्टे न लावता एकदाच हलकी ओढ देऊन बघायची. पायात कळ उतरली तर तिथेच थांबायचं. नाही उतरली तर पट्टे लावून पुढे. दुसरी चूक रुग्णाची : श्वास रोखून कुल्ले आवळून झोपणं. स्नायू आवळलेले असले की ओढ गादीपर्यंत पोचतच नाही. खाली जाताना श्वास सोडा. तिसरी, उपचार झाल्यावर ताडकन उठून बसणं. कुशीवर वळा, पाय टेबलाखाली सोडा, हाताने रेटून उठा, दोन मिनिटं उभे राहा, मग पाच-दहा मिनिटं सपाटीवर चाला.

असं टेबल प्रत्येक दवाखान्यात नसतं. नसलं तरी अडत नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट रुग्णाला कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून, तशीच ओढ हाताने देतो.

*मोबिलायझेशन.* अंगठ्याने किंवा तळव्याच्या कडेने एकेका मणक्यावर लयीत दाब. चार पायऱ्या असतात : पहिल्या दोन दुखणं शांत करायला, अगदी हलक्या. तिसरी-चौथी आखडलेपणा काढायला. पाय पेटलेला असताना पहिल्या दोनच. एका जागी ३० ते ६० सेकंद, दोन-तीन वेळा. ‘जोरात दाबलं तर लवकर बरं होईल’ असं वाटत असेल तर तसं सांगू नका, सूज असलेली नस जोराने आणखी पेटते.

*स्प्रिंगचं छोटं यंत्र.* हातात मावणारं, टोकाला रबर, दाबलं की टिकटिक करत सूक्ष्म धक्का देतं. वळण नाही, मोड नाही. घाबरणाऱ्यांना आणि वृद्धांना सोसतं. परिणाम सौम्यच. याच्यावर महिनोन् महिने पैसे घालवण्यात अर्थ नाही.

*उशांचे पाचर.* कमरेच्या हाडाखाली दोन कठीण पाचर तिरके ठेवून काही मिनिटं पडून राहायचं, आपल्या वजनानेच सांधा सैलावतो. पालथं झोपता येत नाही अशा गरोदर बाईला उताणं फार वेळ न ठेवता, कुशीवरचे हात-उपचार जास्त सोयीचे.

*खाली पडणारं टेबल.* टेबलाचा एक भाग किंचित वर उचललेला असतो, हलका दाब दिला की तो खटकन खाली बसतो. आवाज टेबलाचा, मणक्याचा नाही. हाडं ठिसूळ असतील तर हे मात्र नको.

मान मोडण्याचा मात्र कंबरेच्या दुखण्याशी काहीही संबंध नाही. कंबरेसाठी गेलात आणि मान वळवायला घेतली तर स्पष्ट नाही म्हणा. मानेच्या झटक्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ आहे, पण घडलं तर पक्षाघात. हनुवटीखाली पट्टा घालून सगळं शरीर ओढणाऱ्या व्हिडिओंच्या वाट्याला जाऊच नये.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, स्टेंट, जुनं ऑपरेशन, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण : हे टेबलावर झोपण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

कुणाकडे जायचं

भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी सक्तीची करणारी वैधानिक परिषद नाही. म्हणजे आठवड्याची कार्यशाळा करून आलेलाही पाटी लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी किमान ४,२०० तास ठरवले, त्यातले १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. तेव्हा पदवी कुठली, किती वर्षांची, हे विचारण्यात संकोच कसला? फिजिओथेरपिस्टसाठी मात्र महाराष्ट्रात राज्य परिषद आहे, नोंदणी क्रमांक मागता येतो. साडेचार वर्षांची पदवी आणि हाताच्या उपचारांचं पुढचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओ सोलापुरात शोधणं हे, आमच्या मते, पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर बसून जाण्यापेक्षा शहाणपणाचं. पेटलेल्या सायटिकाला चार-पाच तासांचा बसप्रवास हाच मोठा घाव असतो.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं ते लक्षात ठेवा. निम्मा वेळ तपासणीत जायला हवा : प्रश्न, पाय उचलून बघणं, पायाची ताकद, हातोडीने गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्रिया, कापसाने स्पर्श. ज्याने लघवीबद्दल विचारलंच नाही आणि पॅन्टवरूनच पाठ चाचपून ‘मणका सरकलाय’ म्हटलं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पंचवीस-तीस बैठकांचं पॅकेज आगाऊ घ्या म्हणणाराही तसाच.

बैठकांचा साधा हिशोब : पहिले दोन आठवडे आठवड्याला दोन ते तीन. चार ते सहा बैठकांनंतर थांबून मोजणी. दुखणं वर सरकलंय का? बसून राहता येण्याची मिनिटं वाढली का? पाय किती अंशांपर्यंत उचलला जातो? फरक असेल तर आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग बंद. काहीच फरक नसेल तर सातवी बैठक त्याच पद्धतीची घ्यायची नाही.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं चालतं. पायातला बधिरपणा वाढणं, नवी कमजोरी येणं चालत नाही.

ट्रॅक्शन, म्हणजे वजन किंवा यंत्र लावून कंबर ओढून धरणं, आणि पट्टा या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ट्रॅक्शन आणि कंबरपट्टे नित्याने वापरू नयेत असं सांगितलंय. व्यायाम, माहिती देणं, हाताने मणक्याचे उपचार, मालिश यांना मात्र जागा दिलीय. ब्रिटनच्या २०१६ च्या तत्त्वांतही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असं आहे, सुटे नाहीत. पट्टा घालायचाच तर प्रवासात किंवा नाइलाजाच्या कामात तासभर. झोपताना नाही, दिवसभर तर नाहीच.

घरी रोज काय करायचं

पहिले दोन दिवस : पूर्ण अंथरुणावर पडू नका. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, मांडी आणि गुडघा दोन्हीकडे काटकोन, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मधल्या वेळात दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. शेक पंधरा-वीस मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून. पाय बधिर असेल किंवा साखर असेल तर पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या, भाजलेलं कळत नाही. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडे दिवस. बीपी, किडनी, अल्सर असेल तर मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने अजिबात नको.

मग पालथं झोपून मागे वाकण्याचा क्रम. बसून आणि वाकून दुखणं वाढतं, उभं राहून किंवा चालून कमी होतं, अशांसाठी :

१. पालथे पडा, हात बाजूला. दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा.
२. कोपरांवर या, छाती उचला, पोट-जांघ सतरंजीलाच. आणखी दोन-तीन मिनिटं.
३. तळहात खांद्याखाली घेऊन हात सरळ करत वर या. कंबर सैल, कुल्ले आवळायचे नाहीत. क्षणभर थांबून खाली. दहा वेळा.
४. दिवसा दर दोन-तीन तासांनी एकदा.

प्रत्येक पायरीनंतर पाय विचारून बघायचा. दुखणं वर आलं तर पुढची पायरी. खाली उतरलं आणि उठल्यावरही तिथेच राहिलं तर मागची पायरी, नाहीतर बंद. भुजंगासनासारखं दिसतं म्हणून ताकदीने पाठ उचलणं ही नेहमीची चूक. इथे काम हातांनी करायचं, पाठीने नाही. आणि चालून वाढणारं, वाकल्यावर थांबणारं साठीनंतरचं दुखणं असेल तर हा व्यायाम उलटतो. त्यांनी उताणं झोपून एकेक गुडघा छातीकडे घ्यावा, मग दोन्ही, दहा-दहा वेळा.

आठवड्याभरात कळ उतरली की नस सरकवण्याचा व्यायाम. खुर्चीवर ताठ बसा. दुखरा गुडघा सरळ करत असतानाच मान वर करा. गुडघा खाली घेताना हनुवटी छातीकडे. कुठेही धरून ठेवायचं नाही, लयीत दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीमागची शीर ताणून धरण्याचे व्यायाम या काळात करू नका. ती ‘आखडलेली शीर’ बहुधा स्वतःचा बचाव करणारी नस असते.

चालणं हे सगळ्यांत स्वस्त औषध. दहा मिनिटांपासून सुरू करा, पाय परवानगी देईल तसं दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत उरका, कंबर तलावाच्या बाजूला किंवा गल्लीत सपाट रस्त्यावर. उताराचा रस्ता नको.

कामाच्या जागी

बिड्या वळणाऱ्या बायकांचं बसणं कंबरेच्या गादीला सर्वांत जाचक : मांडी घालून, सूप मांडीवर, मान आणि पाठ पुढे, तासन् तास. हजार बिड्यांचा आकडा गाठायचा असतो, त्यामुळे ‘काम सोडा’ हा सल्ला निरुपयोगी. त्यापेक्षा हे करा. चार-पाच बोटं उंचीच्या पाटावर किंवा घडी घातलेल्या चादरीवर असं बसा की कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर येतील. पाठ भिंतीला, कंबरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी. सूप मांडीऐवजी छोट्या चौरंगावर, म्हणजे पाठीला वाकावं लागत नाही. दर अर्ध्या तासाला उभं राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. अर्धं मिनिट जातं.

यंत्रमागावरचं दुखणं वेगळं. उभं राहणं फारसं त्रास देत नाही, तुटलेला धागा जोडायला वाकून वळणं त्रास देतं. कंबर वळवायची नाही, पाऊल वळवायचं. एक पाय पुढे, एक हात मागाच्या चौकटीवर टेकवून मग वाका. बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, उचलणं-बसवणं सायटिका असताना सहा आठवडे दुसऱ्याकडे द्या. हे मालकाला सांगायला अवघड जातं, पण पंजा पडला तर सहा महिने घरी बसावं लागतं.

पाण्याचा दिवस कंबरेचा वैरी. काही दिवसांआड नळ येतो, मग दोन तासांत घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, वीस लिटरची बादली भांड्यासकट वीसच्या वर. अर्ध्या बादल्या दोन हातांत घ्या, एका हातात पूर्ण नको. पिंप उंबऱ्याजवळ ठेवा, पाइप तिथपर्यंत न्या. जमिनीवरून उचलताना बादली दोन पायांच्या मधे, गुडघे वाकवून, अंगाला लागून. आणि उठल्या उठल्या पहिल्या अर्ध्या तासात नको : रात्रभर गादी पाणी शोषून फुगलेली असते, तेव्हा वाकणं सगळ्यांत जास्त सलतं. नळ पहाटे आला तर आधी घरात पंधरा मिनिटं चाला.

दुचाकीवर मागच्या खिशातलं पाकीट काढा, ते नेमकं नसेवर येतं. स्पीडब्रेकरवर वेग कमी करून कुल्ले सीटवरून किंचित उचला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठी, पेलायचा मान ज्यांच्याकडे आहे, त्यांनी गेल्या तीन महिन्यांत पायात कळ येऊन गेली असेल तर त्या वर्षी सोबत चालावं, पेलू नये.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांमधे उशी. उताणं झोपलात तर गुडघ्यांखाली. जमिनीवर झोपल्याने मणका सरळ होतो हे खरं नाही. जमिनीवरून उठताना मात्र हमखास कळ येते, त्यामुळे थोडी कडक गादी बरी.

सहा आठवड्यांनंतर

पाय निम्म्याहून जास्त मोकळा झाला असेल तर हाताचे उपचार थांबवा आणि ताकदीकडे वळा : पूल, म्हणजे उताणं झोपून कुल्ले उचलणं, दहाचे दोन फेर. हातापायांवर येऊन विरुद्ध बाजूंचा हात-पाय उचलणं, दहा-दहा. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहा. आठवड्यातून तीन-चार दिवस, निदान तीन महिने. कंबर पुन्हा धरण्याचं प्रमाण याने कमी होतं. नुसत्या मालिशीने होत नाही.

फरक नसेल, रात्र रात्र झोप नसेल, तर मणक्याच्या सर्जनचं मत घ्या. नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे मोकळे देतं, त्या आठवड्यांत व्यायाम उरकून घेता येतो. ऑपरेशनबद्दल २००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उपयोगी आहे. सहा ते बारा आठवडे सायटिका असलेल्यांपैकी ज्यांचं लवकर ऑपरेशन झालं त्यांचा पाय लवकर थांबला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. ताकद जात नसेल तर थांबायचं की करायचं हे तुम्ही ठरवू शकता : किती दुखतंय, कामावर कधी परतायचंय, किती थांबवतं. ताकद जात असेल तर हा पर्याय तुमच्या हातात राहत नाही.

सर्जनकडे जाताना नुसती फिल्म नेऊ नका. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या : दुखणं कोणत्या बोटापर्यंत जातं, दुखऱ्या पायाने चवड्यावर किती वेळा उठता येतं, आणि न उठता सलग किती मिनिटं बसता येतं. आठवड्याआड केलेली हीच नोंद असेल तर आणखी चांगलं, त्यांना निर्णय घ्यायला फिल्मइतकाच त्याचा उपयोग होतो.